सेवांतर्गत प्रशिक्षणाची रचना व परिणामकारकता : एक चिकित्सा
(छत्रपती संभाजीनगर येथील तीन कार्यक्षेत्रांच्या संदर्भात)

सारांश

सेवांतर्गत प्रशिक्षणाचे मूल्यमापन बहुधा प्रशिक्षण संपल्यावर, सहभागींनी भरून दिलेल्या प्रतिसाद-पत्राच्या आधारे केले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा कारखाना, कालवा आणि महाविद्यालय या तीन कार्यक्षेत्रांच्या संदर्भात केली आहे. मूल्यमापनाचा निकष प्रशिक्षणाच्या रचनेपूर्वीच ठरला पाहिजे आणि प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रशिक्षणार्थीच्या मूल्यमापनापासून वेगळे ठेवले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अल्प खर्चात करता येण्याजोगी एक कार्यपद्धती शेवटी सुचविली आहे.

बीजशब्द : सेवांतर्गत प्रशिक्षण, परिणामकारकता, प्रशिक्षण-संक्रमण, कर्कपॅट्रिक प्रारूप, अध्यापक विकास.

१. प्रस्तावना

नोकरीत असलेल्या व्यक्तीला वेळोवेळी प्रशिक्षण मिळावे, याविषयी आज दुमत नाही. शासकीय विभाग, कारखाने, बँका व महाविद्यालये या सर्वांच्या वार्षिक अहवालांत प्रशिक्षणाला स्वतंत्र स्थान असते. किती वर्ग घेतले, किती व्यक्ती सहभागी झाल्या, किती दिवस खर्ची पडले, यांची कोष्टके त्यांत दिलेली असतात. परंतु त्या वर्गांनंतर प्रत्यक्ष कामात कोणता फरक पडला, या प्रश्नाचे उत्तर अशा कोष्टकांत क्वचितच सापडते. प्रशिक्षणावर होणारा खर्च, त्यासाठी दिली जाणारी रजा आणि त्या काळात इतरांवर पडणारा कामाचा भार लक्षात घेता हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर सोयीचे आहे. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. पैठण रस्त्यावर कांचनवाडी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच ‘वाल्मी’, आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. एकाच शहरात कामगार, सिंचन कर्मचारी आणि अध्यापक अशा तीन वर्गांचे सेवांतर्गत प्रशिक्षण चालते. तिन्ही ठिकाणी कामाचे स्वरूप भिन्न असल्यामुळे मूल्यमापनाच्या अडचणीही भिन्न आहेत. प्रस्तुत लेख सर्वेक्षणावर आधारलेला नाही. प्रचलित प्रारूप, नियम आणि कार्यपद्धती यांची चिकित्सा करणे एवढीच त्याची मर्यादा आहे.

२. प्रचलित प्रारूप व त्यावरील आक्षेप

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचा विचार आजही मुख्यतः अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या मांडणीभोवती फिरतो. त्यांनी १९५९-६० मध्ये चार लेखांच्या मालिकेतून मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले. सहभागींची प्रतिक्रिया हा पहिला, त्यांनी केलेले ग्रहण हा दुसरा, कामावरील वर्तनात झालेला बदल हा तिसरा आणि संस्थेला मिळालेला परिणाम हा चौथा टप्पा होय. ही मांडणी सुटसुटीत असल्यामुळे ती जगभर रूढ झाली. पुढे जॅक फिलिप्स यांनी गुंतवणुकीवरील परतावा हा पाचवा टप्पा त्यात जोडला.

मांडणी सोपी असली तरी तिचा वापर एकांगी झाला. पहिला टप्पा स्वस्त आणि सुलभ आहे. समारोपाच्या दिवशी छापील पत्र वाटले की काम संपते. तिसऱ्या टप्प्यासाठी मात्र काही महिन्यांनी सहभागींच्या कामाच्या ठिकाणी जावे लागते. परिणामी बहुतेक संस्था पहिल्या टप्प्यावर थांबतात आणि सहभागी समाधानी आहेत म्हणजे प्रशिक्षण यशस्वी झाले, असे गृहीत धरतात.

या गृहीतकाला संशोधनाचा आधार नाही. जॉर्ज ॲलिगर व एलिझाबेथ जॅनक यांनी १९८९ मध्ये या चार टप्प्यांतील परस्परसंबंधांची छाननी केली आणि एका टप्प्यावरील यश पुढील टप्प्याकडे आपोआप नेते, या समजुतीला हरकत घेतली. ॲलिगर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रशिक्षण ‘आवडले’ या भावनेचा ग्रहणाशी किंवा कामावरील बदलाशी संबंध जवळजवळ नसल्याचे त्यात आढळले. प्रशिक्षण ‘कामास उपयोगी’ वाटले या मताचा संबंध तुलनेने अधिक, पण तोही मर्यादित होता. १९९६ मध्ये एलवुड होल्टन यांनी तर हे चार टप्पे म्हणजे केवळ वर्गीकरण असून त्यांना प्रारूप म्हणता येणार नाही, अशी टीका केली. प्रशिक्षणार्थीची प्रेरणा, कामाचे वातावरण यांसारखे घटक त्यात येत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

याच संदर्भात टिमोथी बाल्डविन व केविन फोर्ड यांचा १९८८ मधील लेख महत्त्वाचा आहे. शिकलेली गोष्ट कामावर उतरणे, म्हणजे प्रशिक्षण-संक्रमण, तीन घटकांवर अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. प्रशिक्षणार्थीची वैशिष्ट्ये, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या ठिकाणचे वातावरण हे ते घटक होत. प्रतिसाद-पत्र यांपैकी फक्त दुसऱ्या घटकाविषयी, आणि तेही अपुरेपणे, माहिती देते. व्याख्याता कसा होता, भोजन कसे होते, सभागृह कसे होते, हे त्यातून कळते. प्रशिक्षणार्थी परत गेल्यावर त्याला शिकलेले वापरू दिले जाईल का, हे कळत नाही.

३. कारखाना : मोजमाप उपलब्ध, अन्वयार्थ दुर्लक्षित

कारखान्यातील प्रशिक्षणाचा परिणाम मोजणे वरकरणी सर्वांत सोपे आहे. लेथवर काम करणाऱ्या कामगाराने घडविलेला सुटा भाग मापात बसतो किंवा बसत नाही. मायक्रोमीटर त्याचा निर्णय देतो. रिजेक्शन किती झाले, रिवर्क किती करावे लागले, मशीन सेटिंगला किती वेळ लागला, यांच्या नोंदी पाळीनिहाय उपलब्ध असतात. चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेतील प्रशिक्षणाचा पायाच हा आहे. तेथे प्रशिक्षणार्थीने प्रत्यक्ष घडविलेली वस्तू हीच त्याची परीक्षा असते.

नोकरीतील कामगारांच्या प्रशिक्षणाबाबत गुणवत्ता प्रमाणकांनीही आग्रह धरला आहे. आयएसओ ९००१ या प्रमाणकाच्या २००० मधील आवृत्तीत, कलम ६.२.२ मध्ये, केवळ प्रशिक्षण देणे पुरेसे न मानता केलेल्या कार्यवाहीची परिणामकारकता तपासण्याची अट घालण्यात आली. २०१५ च्या आवृत्तीत हीच अपेक्षा कलम ७.२ मध्ये आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांनाही अशी प्रमाणपत्रे घ्यावी लागत असल्याने ‘प्रशिक्षण परिणामकारकता’ हा रकाना आता सर्वपरिचित झाला आहे.

परंतु रकाना असणे आणि तपासणी होणे यांत अंतर आहे. परिणामकारकतेचा शेरा ऑडिटच्या तोंडावर, पर्यवेक्षकाच्या सर्वसाधारण मतावरून भरला गेला, तर तो पहिल्या टप्प्यावरील प्रतिसाद-पत्राचाच दुसरा अवतार ठरतो. विभागाच्या भिंतीवर लावलेल्या कौशल्य-तक्त्यातील चार भागांचे वर्तुळ एका भागाने अधिक रंगविले जाते, पण ते कोणत्या पुराव्यावर रंगविले, याची नोंद नसते.

दुसरी अडचण अन्वयार्थाची आहे. प्रशिक्षणानंतर रिजेक्शन घटले, तर ते प्रशिक्षणामुळेच घटले असे म्हणता येत नाही. त्याच काळात नवे फिक्स्चर आले असेल, कच्चा माल बदलला असेल किंवा अनुभवी कामगार त्या मशीनवर आला असेल. यावर उपाय कारखान्याच्या व्यवस्थेतच आहे. एकाच मशीनवर दोन पाळ्यांत दोन गट काम करतात. एका गटाला प्रथम आणि दुसऱ्याला दोन महिन्यांनी प्रशिक्षण दिले, तर मशीन व माल समान राहून तुलना करता येते. पाळ्या आठवड्याने बदलत असल्यास नोंद पाळीची न ठेवता गटाची ठेवावी लागेल, एवढेच. सर्वांना एकाच दिवशी प्रशिक्षण देण्याचा निर्णय ही शक्यता कायमची घालवून बसतो. मूल्यमापनाचा विचार रचनेपूर्वी का व्हावा, याचे हे साधे उदाहरण आहे.

४. कालवा : कौशल्य आहे, साधन नाही

वाल्मीची स्थापना धरणे बांधण्यापेक्षा धरणांतील पाण्याच्या व्यवस्थापनाकडे लक्ष वेधण्यासाठी झाली. सेवेतील अभियंते, कृषी अधिकारी आणि लाभक्षेत्रातील शेतकरी यांना पाणी मोजणी, पीकनिहाय पाण्याची गरज, आवर्तनाचे नियोजन, पाणीवापर संस्था अशा विषयांचे प्रशिक्षण देणे हे तिचे मुख्य कार्य राहिले. संस्थेपासून जवळच, पैठण येथे, जायकवाडी प्रकल्प आहे. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. प्रशिक्षणातून मिळालेल्या ज्ञानाचा कस लागावा, असे याहून मोठे क्षेत्र मराठवाड्यात नाही.

येथे चौथ्या टप्प्यावरील, म्हणजे अंतिम परिणामाचे, मोजमाप दिशाभूल करणारे ठरू शकते. किती क्षेत्र भिजले हा आकडा कर्मचाऱ्याच्या कौशल्यापेक्षा गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात पडलेल्या पावसावर अधिक अवलंबून असतो. २०१२ किंवा २०१५ सारख्या अवर्षणाच्या वर्षी उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या अभियंत्याच्या नावावरही अल्प सिंचन दिसेल. चांगल्या पावसाच्या वर्षी अप्रशिक्षित व्यक्तीचे आकडेही समाधानकारक दिसतील. राज्याच्या पाटबंधारे विभागाने २००१-०२ पासून सिंचन प्रकल्पांच्या बेंचमार्किंगचे, म्हणजे स्थिरचिन्हांकनाचे, अहवाल सुरू केले. ते प्रकल्पाच्या कामगिरीचा अभ्यास करण्यास उपयुक्त आहेत, परंतु त्यांवरून प्रशिक्षणाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

म्हणून कालव्याच्या बाबतीत तिसरा टप्पा, म्हणजे वर्तनातील बदल, हाच योग्य निकष आहे. हंगामापूर्वी प्राथमिक सिंचन कार्यक्रम वेळेत तयार झाला का, वितरिकेच्या मुखाशी प्रवाहाची नोंद रोज घेतली गेली का, आवर्तनाच्या तारखा शेतकऱ्यांना आधी कळविल्या का, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, म्हणजे ‘टेल’च्या, शेतकऱ्याला ठरलेल्या दिवशी पाणी पोहोचले का, हे प्रश्न पावसाळी व अवर्षणाच्या अशा दोन्ही वर्षांत विचारता येतात.

मात्र या प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले तर दोष प्रशिक्षणाचा, हे लगेच ठरत नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले. घनमापनासाठी प्रवाहमापक हवा, दरवाजे बंद-उघड होण्याच्या स्थितीत हवेत आणि नोंद घेणारा माणूस जागेवर हवा. प्रवाहमापकाचे गणित शिकून आलेला शाखा अभियंता ज्या चारीवर परततो तेथे प्रवाहमापकच नसेल किंवा तो गाळाने भरला असेल, तर त्याचे ज्ञान वहीत राहते. शिवाय शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीच्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. सिंचन व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती त्यानंतर बांधकाम विभागात जाऊ शकते. बाल्डविन व फोर्ड यांनी सांगितलेला तिसरा घटक तो हाच. प्रशिक्षण संस्था त्यावर नियंत्रण ठेवू शकत नाही. प्रशिक्षणाला पाठविणारे कार्यालय ते ठेवू शकते, परंतु मूल्यमापनात त्या कार्यालयाला कोणी प्रश्न विचारत नाही.

५. महाविद्यालय : मोजमापही नाही, मागणीही नाही

आता आपल्या स्वतःच्या क्षेत्राकडे वळणे आवश्यक आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना राबविली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग व तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग ही त्या योजनेची ओळख बनली. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमांतर्गत त्यांचे पुन्हा नामांतर झाले. आता अल्प मुदतीचे ऑनलाइन वर्गही घेतले जातात. या योजनेमुळे ग्रामीण महाविद्यालयांतील असंख्य अध्यापकांना आपल्या विषयातील नव्या प्रवाहांची ओळख झाली, विद्यापीठाबाहेरील विद्वानांशी संपर्क आला, हे मान्यच करावे लागेल.

तथापि या वर्गांची रचना आणि त्यांचे मूल्यमापन यांत एक मूलभूत पेच आहे. वर्ग पूर्ण करणे ही पदोन्नतीची अट आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतही सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आवश्यक मानला आहे. त्यामुळे सहभागीची पहिली गरज प्रमाणपत्र ही असते. केंद्राने दिलेली श्रेणी ही सहभागीच्या सेवापुस्तिकेशी जोडलेली असते आणि केंद्राविषयी सहभागीने दिलेला अभिप्राय केंद्राच्या अहवालात जातो. अशा स्थितीत दोन्ही पक्ष एकमेकांशी सौजन्याने वागतात, हे स्वाभाविक आहे. श्रेणी उत्तम मिळते, अभिप्राय उत्तम दिला जातो आणि दोहोंतून प्रशिक्षणाविषयी फारशी माहिती मिळत नाही. यात व्यक्तींचा अप्रामाणिकपणा शोधण्याचे कारण नाही. प्रशिक्षणार्थीचे मूल्यमापन आणि प्रशिक्षणाचे मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्याचा तो परिणाम आहे.

वर्गातील सराव-पाठाचे उदाहरण घेऊ. सहभागी अध्यापक आपल्याच सहकाऱ्यांसमोर पाठ घेतो. श्रोते उच्चशिक्षित, संख्येने मोजके आणि ऐकण्यास बांधील असतात. परत गेल्यावर त्याच्यासमोर बी.ए. प्रथम वर्षाचा मोठा वर्ग असतो. त्यातील अनेक विद्यार्थी बसने ये-जा करणारे, काही शेतीच्या कामामुळे आठवड्यातून दोनच दिवस येणारे असतात. ज्या परिस्थितीत कौशल्य वापरायचे तिच्याशी सरावाची परिस्थिती जुळत नसेल, तर संक्रमणाची अपेक्षा करणे कठीण आहे.

महाविद्यालयाच्या बाजूनेही मागणी नाही. अध्यापक कर्तव्यरजेवर जातो, त्याचे तास सहकारी सांभाळतात, तो रुजू होतो, प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात जमा होते. तू काय शिकलास आणि विभागात त्यातले काय करता येईल, असे विचारणारी बैठक क्वचितच होते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ पासूनच्या निर्देशपुस्तिकांत सहाव्या निकषाखाली अध्यापक विकास कार्यक्रमांत सहभागी झालेल्यांचे प्रमाण विचारले गेले आणि दुसऱ्या निकषाखाली विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. एकाच अहवालात प्रशिक्षणाची संख्या आणि विद्यार्थ्यांचे मत दोन्ही असूनही ती शेजारी ठेवून वाचण्याची प्रथा पडली नाही. सर्वेक्षण संस्थापातळीचे असल्याने त्यावरून एका अध्यापकाविषयी काही सांगता येणार नाही हे खरे, परंतु विभागपातळीवर प्रश्न उपस्थित करण्यास ते पुरेसे होते.

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. नियमांनी काही अटींवर त्यांना वर्गांची दारे उघडी ठेवली, तरी त्यांच्यासाठी पदोन्नती नाही, कर्तव्यरजा नाही आणि तास बुडाला तर मानधनही बुडते. ज्यांच्याकडे प्रथम वर्षाचे वर्ग सोपविले जातात, त्यांच्यापर्यंतच प्रशिक्षण पोहोचत नाही. प्रशिक्षणाची रचना कामाच्या गरजेवरून न ठरता सेवाशर्तींवरून ठरली की असेच होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता समोरचा अध्यापक कोणत्या तत्त्वावर नेमला आहे, याला महत्त्व नाही.

६. चर्चा

तिन्ही क्षेत्रांतील अडचण वेगवेगळी आहे. कारखान्यात नोंदी आहेत, पण तुलना नाही. कालव्यावर कौशल्य आहे, पण ते वापरण्याची साधने नाहीत. महाविद्यालयात कामातील बदल हा निकषच ठरलेला नाही. साम्य इतकेच की तिन्ही ठिकाणी मूल्यमापनाचा विचार प्रशिक्षण संपल्यावर सुरू होतो. कर्कपॅट्रिक यांच्या अनुयायांनीही पुढे, नियोजन करताना चौथ्या टप्प्यापासून उलट्या क्रमाने यावे, असे सुचविले आहे. आपल्याकडे मूळ चार टप्पे पाठ्यपुस्तकांत आले, हा उलटा क्रम मात्र व्यवहारात आला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. अध्यापन ही सर्जनशील व स्वायत्त कृती आहे, ती मापात बसविता येत नाही आणि मोजमापाच्या नावाखाली अध्यापकांवर पाळत ठेवली जाईल, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. म्हणूनच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनातून मिळालेली माहिती व्यक्तीच्या पदोन्नतीच्या कागदपत्रांत कदापि जाऊ नये. प्रश्न ‘हा अध्यापक कसा आहे’ असा नसावा. ‘या वर्गामुळे अध्यापकांच्या कामात काय बदलले’ असा असावा. शिवाय मोजमाप टाळल्याने स्वायत्तता टिकते, असाही अनुभव नाही. कामाचे मोजमाप टाळले की उपस्थितीचे मोजमाप येते आणि तेच गुणवत्तेचे प्रमाण मानले जाते.

७. सूचना

वरील विवेचनाच्या आधारे एक कार्यपद्धती सुचविता येईल. उदाहरणादाखल ‘प्रश्नपत्रिका निर्मिती’ या विषयावरील एक आठवड्याचा वर्ग घेऊ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाचे महत्त्व वाढत असल्याने हा विषय कालोचित आहे.

(अ) प्रवेश देतानाच प्रत्येक सहभागीकडून त्याने स्वतः काढलेल्या मागील दोन अंतर्गत चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. हीच गरजनिश्चिती होय. बहुतेक प्रश्न केवळ स्मरणावर आधारित असल्याचे आढळले, तर वर्गाचा भर कोठे असावा हे ठरेल.

(आ) सरावासाठी सहभागीने आपल्याच पुढील सत्राच्या अभ्यासक्रमावर प्रश्नपत्रिका तयार करावी, म्हणजे वर्गातील काम आणि महाविद्यालयातील काम एकच राहील.

(इ) सहा महिन्यांनी त्याच सहभागींकडून नव्या प्रश्नपत्रिका मागवाव्यात. जुन्या व नव्या प्रश्नपत्रिकांवरील नाव व तारीख झाकून दोन बाहेरील परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात.

(ई) अर्ज केलेल्या पण दुसऱ्या तुकडीत घेतलेल्या अध्यापकांच्या प्रश्नपत्रिका तुलनेसाठी वापराव्यात. कोणालाही प्रशिक्षणापासून वंचित न ठेवता तुलनागट मिळतो.

(उ) ज्यांच्या प्रश्नपत्रिकांत बदल दिसला आणि ज्यांच्या दिसला नाही, अशा मोजक्या अध्यापकांशी व त्यांच्या विभागप्रमुखांशी बोलावे. कारण प्रशिक्षणाचे आहे की महाविद्यालयातील परिस्थितीचे, हे येथे स्पष्ट होईल.

(ऊ) प्राचार्यांनी अध्यापकाला पाठविताना, परतल्यावर कोणते काम त्याच्याकडे सोपविले जाईल, हे एका ओळीत लिहून द्यावे. सहा महिन्यांनंतरच्या अहवालात त्या ओळीचीही तपासणी व्हावी.

(ए) तासिका तत्त्वावरील अध्यापकांना वर्गाच्या काळातील मानधन देण्याची तरतूद प्रशिक्षणाच्या खर्चातच करावी.

यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. टपाल किंवा ई-मेल, दोन परीक्षकांचे मानधन आणि सहा महिने थांबण्याची तयारी पुरेशी आहे. प्रत्येक वर्गासाठी हे शक्य नसेल, तर केंद्राने वर्षातून एका वर्गासाठी तरी ते करावे आणि निष्कर्ष, ते प्रतिकूल असले तरी, प्रसिद्ध करावेत.

८. समारोप

प्रशिक्षणाची परिणामकारकता ही प्रशिक्षण संस्था, प्रशिक्षणार्थी आणि त्याला पाठविणारी संस्था यांची संयुक्त जबाबदारी आहे. प्रचलित मूल्यमापनात पहिल्या दोघांनी एकमेकांना दिलेले शेरे तेवढे नोंदले जातात आणि तिसरा पक्ष मोकळा राहतो. कारखान्यातील पाळी, कालव्यावरील प्रवाहमापक आणि महाविद्यालयातील प्रश्नपत्रिका ही तीन साधी साधने या व्यवस्थेतील उणीव दाखवून देण्यास पुरेशी आहेत. अध्यापकांच्या प्रशिक्षणाबाबत या सुधारणेची सुरुवात बाहेरून येणाऱ्या आदेशाची वाट न पाहता महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांनी करावी. पुढील सत्रात वर्ग करून परतणाऱ्या अध्यापकाच्या प्रमाणपत्राची प्रत घेताना त्याच्या दोन प्रश्नपत्रिकाही मागून घेतल्या, तर या कामाला प्रारंभ होईल.